मशीनवर शून्य आलं, तरी कलम १८५: कापसाच्या हंगामातलं एक प्रकरण

गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: पिऊन चालवली तर गुन्हा. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या किंवा मेडिकलमधून आणलेल्या गोळीचाही त्याच कलमाशी संबंध येतो, हे मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसतं. गोळी कायदेशीर, मग गाडी चालवणंही कायदेशीर, असा सरळ हिशोब माणूस करतो. तो हिशोब चुकतो कुठे, हे दाखवायला एक प्रकरण सविस्तर मांडतो आहे. यातली माणसं आणि प्रसंग अभ्यासासाठी रचलेले आहेत. कलमं, शिक्षा आणि औषधांचे गुणधर्म खरे आहेत.

घटना

नोव्हेंबर महिना, कापसाचा दुसरा वेचा सुरू. मारेगाव तालुक्यातल्या एका गावचा छत्तीस वर्षांचा चालक, स्वतःची पिकअप, तीही फायनान्सवर. हंगामात गावातल्या पाच-सहा घरांचा कापूस वणीच्या जिनिंग कारखान्याला पोचवणं हाच त्याचा मुख्य धंदा. नंबर लवकर लागावा म्हणून सगळेच पहाटे निघतात, तसा तोही निघायचा.

दोन वर्षांपूर्वी कर्जाच्या आणि घरच्या आजारपणाच्या ताणात त्याची झोप उडाली होती, छातीत धडधड व्हायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी रात्री एक याप्रमाणे अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी, ०.५ मिलिग्रॅम, लिहून दिली, तीस दिवसांसाठी. तीस दिवसांची चिठ्ठी दोन वर्षं चालली. पाकिटात ठेवून ठेवून ती घड्यांवर फाटली, मधली तारीख वाचता येईनाशी झाली, तरी त्याच चिठ्ठीवर गोळी मिळत राहिली. चिठ्ठी दाखवायचीही गरज पुढे उरली नाही.

अपघाताच्या आदल्या दिवशी सर्दी-खोकल्यानं तो हैराण होता. कापसाच्या धुळीत दिवसभर राहिलं की नाक वाहायचंच. संध्याकाळी त्यानं मेडिकलमधून सर्दीच्या चार गोळ्या आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेतली. गोळ्या पट्टीतून कात्रीनं कापून कागदी पाकिटात दिलेल्या. ज्या बाजूला औषधाचं नाव आणि सूचना छापलेली असते, ती बाजू दुकानातच राहिली. त्याच्या हातात आले ते चार चकचकीत चौकोन, नुसती चांदी. रात्री अकराला त्यानं झोपेची गोळी, सर्दीची गोळी आणि दोन झाकणं औषध घेतलं. पहाटे चारला उठून सर्दीची आणखी एक गोळी, पुन्हा औषध, वरून चहा. साडेचारला गाडी निघाली.

साडेपाचच्या सुमारास एका वळणावर गाडी आपली बाजू सोडून उजवीकडे गेली. समोरून दुधाच्या कॅना लावलेली मोटारसायकल येत होती. मोटारसायकलवाल्याच्या मांडीचं हाड मोडलं. रस्त्यावर ब्रेकची खूण नव्हती. पळून न जाता चालकानं मागून आलेला ऑटो थांबवला, जखमीला त्यात घातलं आणि पोलिसांना स्वतःच फोन लावला. हे त्याच्या बाजूनं नोंदवायलाच हवं, कारण पुढे सगळ्या कागदांत त्याचा उल्लेख एका ओळीचाही नाही.

जमादारांनी मशीनमध्ये फुंकायला लावलं. शून्य. पण माणूस बोलताना अडखळत होता, उभा राहताना दाराला धरत होता. विचारल्यावर त्यानं जे सांगितलं ते असं: "साहेब, म्या थेंबभर नाई घेतली जी. मेडिकलातल्या गोया घेतल्या सर्दीच्या. डोकं जड होतं, पण झोप नव्हती आली मले."

या तीन वाक्यांवर पुढचं सगळं प्रकरण फिरतं.

कलम काय म्हणतं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८५ चे दोन भाग आहेत. पहिला दारूचा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला की गुन्हा झाला. गाडी सरळ चालली की वाकडी, हे पाहायची गरज नाही. दुसरा भाग अमली किंवा गुंगी आणणाऱ्या द्रव्यांचा. तिथे आकडाच नाही. गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतपत त्या द्रव्याचा अंमल चालकावर होता का, एवढंच कलम विचारतं. शिक्षा दोन्हींना एकच: पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. यात जागच्या जागी पावती फाडून सुटका नाही, कोर्टाची पायरी चढावीच लागते. आणि दोष सिद्ध झाला तर कलम २० प्रमाणे किमान सहा महिने लायसन्सवर बंदी. पोट गाडीवर असलेल्या माणसाला दंडापेक्षा ही बंदी जड जाते.

आता हे द्रव्य म्हणजे काय? २०१९ च्या दुरुस्तीनं कलमाला जोडलेलं स्पष्टीकरण व्यापक आहे. दारू सोडून कुठलंही नैसर्गिक किंवा कृत्रिम मादक द्रव्य त्यात येतं, आणि १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातली, मनावर परिणाम करणारी सगळी द्रव्यंही येतात. एनडीपीएस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गांजाची पोती येतात. पण त्याच कायद्याच्या अनुसूचीत अल्प्राझोलाम आहे, डायझेपाम आहे, क्लोनाझेपाम आहे, झोपेसाठी दिलं जाणारं झोल्पिडेम आहे. कंबरदुखीवर सर्रास दिलं जाणारं ट्रामाडोल २०१८ पासून त्यात आहे. म्हणजे आमच्या चालकाच्या उशाशी असलेली गोळी कलम १८५ च्या व्याख्येत सरळ बसते. स्वतःच्या वैद्यकीय कारणासाठी ती बाळगणं किंवा घेणं हा गुन्हा नाही. तिच्या अंमलाखाली ताबा सुटलेला असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे. आणि डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर माफ, असं वाक्य कलमात कुठेही नाही. या प्रकरणात तर चिठ्ठीची मुदतही केव्हाच संपलेली होती.

सर्दीच्या गोळीचं तसं नाही. त्या गोळीत क्लोरफेनिरामाइन होतं, आरोग्य केंद्रात ज्याला सीपीएम म्हणतात तेच. ते एनडीपीएसच्या अनुसूचीत नाही. ते 'मादक द्रव्य' ठरतं की नाही यावर वकील वाद घालू शकतो, आणि घालावाच. पण शरीरावरचा परिणाम अनुसूची पाहून होत नाही. क्लोरफेनिरामाइन मेंदूत सहज शिरतं आणि जागं ठेवणारी यंत्रणा मंदावतं. मोठ्या माणसाच्या शरीरातून त्याचा अर्धा भाग जायला जवळपास वीस तास लागतात. अल्प्राझोलामचा अर्धा भाग जायला सुमारे अकरा तास. रात्री अकराला घेतलेली गोळी पहाटे साडेपाचला अर्ध्याहून अधिक अंगातच होती. तिच्यावर सीपीएमच्या दोन मात्रा, आणि त्यावर खोकल्याचं औषध, ज्यात अनेकदा सीपीएमच पुन्हा असतं. एकेक मात्रा बघितली तर साधी वाटते. एकत्र आल्या की एकमेकींची गुंगी वाढवतात.

"झोप नव्हती आली" हे चालकाचं म्हणणं मी खोटं मानत नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अ‍ॅलर्जी असलेल्या ४० चालकांना कृत्रिम गाडीत बसवून तपासलं होतं. सीपीएमच्याच कुळातलं जुनं औषध डायफेनहायड्रामाइन घेतलेल्यांचं चालवणं दारू घेतलेल्यांपेक्षाही खराब निघालं. आणि स्वतःला किती गुंगी वाटते यावरून चालवणं किती बिघडलं हे फारसं ओळखता येत नव्हतं. त्याच अभ्यासात फेक्सोफेनाडीन या नव्या औषधानं तसा बिघाड केला नाही. सर्दी-खाजेवर असा पर्याय आपल्याकडेही सहज मिळतो. "मी गाडी चालवतो" हे एक वाक्य दुकानात बोललं गेलं असतं तर कदाचित वेगळी गोळी हातात पडली असती. पण विचारायची पद्धत नाही, सांगायचीही नाही.

पुरावा

खरी गुंतागुंत इथे आहे, आणि तपास करणाऱ्यांचीही फार धांदल इथेच उडते.

चालकाला सव्वासातला अटक दाखवली. कलम २०२ प्रमाणे १८५ साठी विनावॉरंट अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाही तर त्याला सोडावं लागतं. म्हणजे सव्वानऊची मुदत. ग्रामीण भागात ही मुदत पाळणं सोपं नाही. डॉक्टर एक, ओपीडीची रांग बाहेरपर्यंत, जखमीही त्याच दवाखान्यात. इथे पावणेनऊला तपासणी झाली.

पण रक्त कोणत्या अधिकारात घ्यायचं? कलम २०४ पोलिसांना रक्त मागायचा अधिकार देतं तो दोनच वेळी: मशीननं दारू दाखवली तर, किंवा माणसानं फुंकायला नकार दिला तर. इथे मशीन शून्य आणि नकारही नाही. गोळ्यांच्या संशयाची सोयच त्या कलमात नाही. कायदा करताना दुसऱ्या भागाचा गुन्हा लिहिला आणि तो शोधायची वाट लिहायची राहिली, असं माझं स्पष्ट मत आहे. मग पोलिसांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ कडे जावं लागतं. अटकेतल्या माणसाच्या तपासणीतून पुरावा मिळेल असं मानायला सबळ कारण असेल, तर त्या कलमाखाली डॉक्टर पोलिसांच्या लेखी विनंतीवरून रक्तही घेऊ शकतात. ठाण्यातून आलेल्या पत्रावर मात्र सवयीनं एकच ओळ होती: 'सदर इसमाने मद्यप्राशन केले आहे काय, याबाबत अहवाल द्यावा.' या पत्रावर रक्त गेलं असतं तर प्रयोगशाळेनं मद्यार्क तपासला असता, 'नाही' कळवलं असतं, आणि विषय तिथेच संपला असता.

वैद्यकीय अधिकारी सावध निघाल्या. त्यांनी आधी चालकाला विचारलं की गेल्या दोन-तीन दिवसांत फवारणी केली का. यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न चुकवून चालत नाही. २०१७ मध्ये फवारणीतून झालेल्या विषबाधेनं इथे शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले आहेत, आणि कीटकनाशकानंही माणूस असाच भेलकांडतो, बोलताना अडखळतो. त्यानं दोन दिवसांपूर्वी तुरीवर फवारणी केली होती. म्हणून त्यांनी बाहुल्या, घाम, लाळ, नाडी बघितली. विषबाधेची लक्षणं नव्हती. डोक्याला मार नव्हता. बोटातून थेंब घेऊन साखर बघितली, ती ठीक होती. मग चालायला लावलं, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. तिसऱ्या वजाबाकीला तो अडकला आणि आपण काय करत होतो हेच विसरला. हे सगळं त्यांनी वेळेसह लिहिलं. कोणती गोळी केव्हा घेतली तेही लिहिलं, आणि ठाण्याकडून दुसरं पत्र मागवलं, ज्यात अल्प्राझोलाम व सर्दीची औषधं तपासण्याची विनंती होती. रक्ताच्या सीलबंद नळ्या अमरावतीच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे गेल्या.

अहवाल आला: मद्यार्क नाही, अल्प्राझोलाम आढळलं. किती आढळलं हे नाही. सीपीएमबद्दल काहीच नाही.

आता या अहवालाची किंमत किती? गोळी अंगात होती, एवढंच तो सांगतो. दोन वर्षं रोज घेणाऱ्याच्या रक्तात ती सापडणारच, त्या दिवशी गाडी नीट चालली असती तरीही. कलम १८५ ला हवा आहे ताबा सुटल्याचा पुरावा, आणि तो अहवालात नसून डॉक्टरांच्या हातच्या त्या पानभर नोंदीत आहे. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं होतं की नुसता वास, लटपटणारी चाल आणि अडखळणारं बोलणं यांवरून, रक्ताची तपासणी न करता, माणूस दारूच्या अंमलाखाली होता असा निष्कर्ष काढता येत नाही. गोळ्यांच्या प्रकरणात मला दोन्ही पाय लागतात असं वाटतं: प्रयोगशाळा द्रव्य सांगेल, डॉक्टर अवस्था सांगतील. एकावर खटला उभा राहत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २ मार्च २०१५ पासून डायझेपाम, क्लोनाझेपाम, मॉर्फीन अशा औषधांसाठी रक्तातल्या मर्यादा ठरलेल्या आहेत. सोबत बचावही आहे: औषध डॉक्टरांनी दिलेलं आणि सांगितल्याप्रमाणे घेतलेलं असेल तर त्या मर्यादेच्या कलमाखाली सुटका. आपल्याकडे मर्यादा नाही आणि असा लिखित बचावही नाही. सगळा भार त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या एका वैद्यकीय अधिकाऱ्याच्या नोंदीवर पडतो. दुसऱ्या कुणी 'मद्यप्राशन नाही' एवढंच लिहून कागद परत पाठवला असता.

दोषारोपपत्र

पोलिसांनी लावलेली कलमं: भारतीय न्याय संहितेचं २८१, बेदरकार वाहन चालवणं; १२५ (ब), निष्काळजीपणानं गंभीर दुखापत, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही; मोटार वाहन कायद्याचं १८४, धोकादायक वाहन चालवणं, आणि १८५. जखमीचा जीव गेला असता तर १०६ लागलं असतं, पाच वर्षांपर्यंत.

बचावाच्या वकिलानं सगळं बळ १८५ वर लावलं तर ते चूक ठरेल. १८५ डळमळीत आहे, हे खरं. मात्रा अहवालात नाही, सीपीएम व्याख्येत बसतं की नाही याचा वाद आहे. पण १२५ (ब) ला गोळी सिद्ध करायची गरजच नाही. डोकं जड असल्याचं जाणवत असताना माणूस लादलेली गाडी घेऊन अंधारात निघाला, एवढं पुरतं, आणि ते त्यानं जमादारांसमोर स्वतः सांगितलं आहे. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालत नाही, म्हणून ते वाक्य वगळायला सांगता येईल. पण डॉक्टरांनी रुग्णाचा इतिहास म्हणून जे लिहून घेतलं, ते बाजूला काढणं अवघड. ब्रेकची खूण नसणं आणि गाडी उजव्या बाजूला सापडणं आहेच.

"मला माहीतच नव्हतं" याचा आधार न्याय संहितेच्या कलम २३ मध्ये शोधायचा मोह होतो. नकळत किंवा इच्छेविरुद्ध नशा चढवली गेली तर ते कलम सूट देतं, पण फक्त आपण काय करतो आहोत, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हेही समजू नये इतकी अवस्था झाली असेल तर. जखमीला ऑटोत घालून पोलिसांना फोन करणारा माणूस तिथे बसत नाही.

विम्याचा घाव वेगळा. जखमीनं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावला, तेव्हा कंपनीनं कलम १५० चा बचाव पुढे केला: १८५ खालच्या अंमलात गाडी चालवली, म्हणून पॉलिसीची अट मोडली. हे कंपनीला सिद्ध करावं लागेल. सिद्ध झालं तरी कंपनीनं जखमीला आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश न्यायाधिकरणं देतात. इथे मालक तोच, चालक तोच. पिकअपच्या दुरुस्तीचा त्याचा स्वतःचा क्लेम तर कंपनीनं नाकारलाच. तिथे कंपनीची बाजू अधिक भक्कम आहे: एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पर्ल बेव्हरेजेसच्या प्रकरणात म्हटलं की पॉलिसीतल्या नशेच्या अटीसाठी ३० मिलिग्रॅमचा आकडा सिद्ध करणं अनिवार्य नाही, परिस्थितीजन्य गोष्टींवरूनही ते ठरवता येतं. तो खटला दारूचा होता. कंपन्या तोच युक्तिवाद गोळ्यांनाही लावतील. फायनान्सचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

मेडिकलची बाजू

अल्प्राझोलाम औषध नियमांच्या एच-१ अनुसूचीत आहे, १ मार्च २०१४ पासून. विकताना डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षं जपायची, असा नियम आहे. बचावानं ही वही कोर्टात मागवावी. नोंद नसेल तर चालक त्यानं निर्दोष होत नाही. पण शिक्षा ठरवताना, दोन वर्षं कोणी एकदाही थांबवलं नाही, हे न्यायाधीशांसमोर कागदानिशी येतं. आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीचा मार्ग मोकळा होतो. कापलेल्या पट्टीचीही तीच गोष्ट. पट्टीवरची सूचना इंग्रजीत असते, बारीक असते, ती त्यानं वाचली असती याची खात्री नाही. पण ती त्याच्या हातात पडण्याची शक्यताच संपवून टाकली गेली. याचा मला राग येतो. हंगामात ज्या गावातून रोज आठ-दहा गाड्या निघतात, तिथल्या दुकानात सर्दीची गोळी देताना 'ही घेऊन गाडी चालवू नको' हे मराठीत सांगायला फार वेळ लागत नाही.

जामिनावर सुटल्यावर चालकानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे अल्प्राझोलाम त्याच दिवशी बंद केली. तिसऱ्या दिवशी हातापायांना कंप, घाम, रात्रभर डोळा नाही. हेही धोक्याचं होतं. इतकी जुनी गोळी अचानक थांबवली तर झटकेही येऊ शकतात. बायकोनं त्याला तालुक्याला डॉक्टरकडे नेलं. गोळी पुन्हा सुरू करून दर काही आठवड्यांनी थोडी थोडी कमी करायचं ठरलं, आणि ती पूर्ण सुटेपर्यंत गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी या वेळी चिठ्ठीवर मराठीत लिहिलं. ती चिठ्ठी वकिलानं फाइलला लावली आहे. पिकअप दुरुस्त झाली, सध्या चुलतभाऊ चालवतो, निम्म्या भाड्यावर. सर्दी झाली की आता फेक्सोफेनाडीन. १२५ (ब) चा खटला साक्षीपुराव्यावर आला असून पहिली साक्ष वैद्यकीय अधिकाऱ्यांची आहे.